आधी पाणी, मग काडी: सांडलेलं तेल जाळणाऱ्या फिरत्या यंत्रांची नवख्यांसाठी ओळख

स्किमरने, म्हणजे पाण्यावरचा तवंग उचलणाऱ्या यंत्राने, समुद्रातून उचललेलं तेल पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास विचारतो, "हे तेल आहे?" रंग तपकिरी, दाटपणा गार झालेल्या पिठल्याचा, आणि बोटांत घेतलं तर घसरायचं सोडून चिकटून बसतं. लाटांनी तेल आणि पाणी तासन्‌तास घुसळून एकजीव केलेलं असतं. अशा मिश्रणात पाण्याचं प्रमाण ६० ते ८० टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे १०० टन तेल सांडलं, तर ते गोळा होईपर्यंत ३००-४०० टन ऐवज हाताशी येतो. त्यात वाळू, शेवाळ, प्लॅस्टिक, थर्माकोल आणि तेल शोषायला वापरलेले सॉर्बंट पॅड वेगळेच.

हा ऐवज ठेवायचा कुठे आणि न्यायचा कुठे, हा प्रश्न तेल उचलण्याच्या धांदलीत मागे पडतो. बंदरात, जहाज कंपनीत, तेलाच्या फलाटांवर किंवा किनारा सफाईच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी हा लेख आहे. गोळा केलेलं तेल जागेवरच जाळून टाकणारी, ट्रेलरवर, बार्जवर किंवा हेलिकॉप्टरला टांगून नेता येणारी यंत्रं असतात. ती कोणती, कधी वापरायची आणि कशी चालवायची, ते क्रमाने सांगतो. मी हे काम जहाजाच्या इंजिनरूममध्ये शिकलो. तिथल्या इन्सिनरेटरमध्ये रोजचा स्लज, म्हणजे तेलकट गाळ, जाळावा लागतो, आणि गळतीतलं तेल हे त्याच स्लजचं मोठं भावंड आहे. त्या सगळ्या वर्षांतून एकच गोष्ट मनावर ठसली: जाळण्याचं काम बर्नरवर होत असलं, तरी ते साधणार की फसणार हे त्याआधीच्या टाकीत ठरतं.

जाळायचं की नाही, हे आधी ठरवा

दोन गोष्टींची गल्लत करू नका. समुद्रावर तरंगणारा तवंग आगरोधक बूमने, म्हणजे तरंगत्या कुंपणाने, घेरून तिथेच पेटवणं ही एक पद्धत. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलफलाटाच्या गळतीत असे सुमारे ४०० वणवे समुद्रावर पेटवले गेले. त्यासाठी तवंग पुरेसा जाड लागतो. ताज्या क्रूडला निदान २-३ मिलिमीटर, जड फर्नेस ऑइलला १० मिलिमीटरच्या आसपास. थर मिलिमीटरभर उरला की आग आपोआप विझते. आपण बोलतोय ते यापेक्षा वेगळ्या कामाबद्दल: आधीच उचललेलं, टाकीत आलेलं तेल यंत्रात घालून जाळणं.

हे काम मुळात रस्ते नसलेल्या मुलखाचं. १९७०च्या दशकात कॅनडाच्या उत्तरेला बोफर्ट समुद्रात तेलाचा शोध सुरू झाला, तेव्हा प्रश्न आला की तिथे गळती झाली तर गोळा केलेलं तेल न्यायचं कुठे? रस्ता नाही, टाकी नाही, वर्षातले बरेच महिने बर्फ. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरही तीच गत. हेलिकॉप्टरने नेता येतील इतक्या हलक्या भट्ट्या आणि बर्नर या गरजेतून पुढे आले. अशा ठिकाणी जाळणं शहाणपणाचं असतं, कारण दुसरा पर्याय म्हणजे हजारो पिंपं बर्फात सोडून येणं.

आपल्याकडचं चित्र निराळं आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली. काही शे टन तेल सांडलं आणि भर पावसाळ्यात उरण, अलिबागपासून घारापुरीच्या खारफुटीपर्यंत पोचलं. मागे उरला तो तेलाने माखलेला चिखल आणि कचरा. अशा ठिकाणी फिरती भट्टी आणून पेटवायची म्हटलं तर चारी बाजूंना वस्ती, वर पाऊस आणि हातात ओला चिखल. जवळ रस्ता आहे, टँकर आहे, तेलकट घातक कचरा घेणारे परवानाधारक प्रकल्प आहेत. तिथे यंत्र पेटवणं मला तरी पटत नाही. २०१६च्या घातक कचरा नियमांतही हाच क्रम आहे: आधी कचरा कमी करा, मग पुन्हा वापरा, मग त्यातलं तेल किंवा ऊर्जा परत मिळवा आणि अगदी शेवटी विल्हेवाट लावा. पाणी काढलेलं तेल सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून गेलं, तर ते हवेत उडवून देण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

मग आपल्या पोरांनी हे शिकायचं कशाला? कारण आपली पोरं नुसत्या मुंबईत काम करत नाहीत. बॉम्बे हायच्या फलाटांवर, आखाती देशांत, नॉर्वेच्या आणि कॅनडाच्या जहाजांवर मराठी इंजिनिअर आहेत. शिवाय अंदमान-लक्षद्वीपसारख्या दूरच्या बेटांवर गळती झाली, तर टँकर येणार कुठून?

यंत्रांचे प्रकार: कुठल्या मालाला कुठलं यंत्र

माल दोन जातींचा असतो: पंपाने ओढता येणारा आणि न येणारा. या एका फरकावर यंत्राची निवड ठरते.

पंपाने ओढता येणाऱ्या तेलासाठी फवारा बर्नर. तेलविहिरीची चाचणी घेताना फलाटाबाहेर लांब दांड्यावर जो बर्नर लावतात, तोच इथेही चालतो. दाबाखालच्या हवेने तेलाचं धुकं करायचं आणि पेटवायचं. डीपवॉटर होरायझनच्या वेळी १६ जून २०१०पासून क्यू-४००० नावाच्या जहाजावर असेच बर्नर बसवून रोज आठ-दहा हजार बॅरल तेल जाळलं गेलं. एक बॅरल म्हणजे १५९ लीटर. मात्र ते तेल थेट विहिरीतून नळाने आलेलं, ताजं, लाटांचा हात न लागलेलं होतं. त्याच समुद्रात स्किमरने जे गोळा झालं त्यात पाणीच जास्त होतं. नवख्यांनी क्यू-४०००च्या ज्वाळेचे फोटो बघून स्किमरच्या टाकीकडून तशीच अपेक्षा ठेवू नये.

सॉर्बंट पॅड, चिंध्या, तेलकट गवत अशा वस्तूंसाठी पिंप-बर्नर. २०० लीटरचं उघडं लोखंडी पिंप, त्यावर ब्लोअर बसवलेलं झाकण. हवा गोल फिरत आत जाते, धूर पुन्हा ज्वाळेतून जातो. दोन माणसं उचलून बोटीत ठेवू शकतात. मालाची उरक मात्र कमी. बेटावरच्या छोट्या सफाईला छान, मोठ्या गळतीला अपुरं.

वाहून आलेली लाकडं, फांद्या, शेवाळाचे ढीग यांच्यासाठी हवेच्या पडद्याची भट्टी. खड्डा किंवा पोलादी खोका घ्यायचा आणि त्याच्या एका काठावरून जोरदार हवेचा झोत तिरका आत सोडायचा. हा झोत झाकणासारखा काम करतो. धूर वर जाता जाता त्याला अडतो, परत आत वळतो आणि जळतो. यात पातळ तेल ओतायचं नाही, ते खाली झिरपतं.

तेलकट वाळू आणि मातीसाठी गोल फिरणाऱ्या नळकांड्याची भट्टी, म्हणजे रोटरी किल्न. आडवं, किंचित उतरतं नळकांडं हळूहळू फिरतं, माल एका टोकाने जातो, भाजलेली वाळू दुसऱ्या टोकाने येते आणि वायू पुढच्या कोठडीत पुन्हा जाळले जातात. ही यंत्रं ट्रेलरवर येतात, पण 'फिरती' म्हणजे दोन-चार मोठे ट्रेलर, क्रेन आणि काही दिवसांची जुळवाजुळव.

पहिली पायरी: माल वेगळा ठेवा

डिसेंबर १९९९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ एरिका हे टँकर बुडालं. सांडलं सुमारे २० हजार टन तेल. किनाऱ्यावरून गोळा झालेला कचरा दोन लाख टनांच्या वर गेला आणि तो निस्तरायला काही वर्षं लागली. तेलाच्या दहापट कचरा! जेसीबीने वाळूचे थरच्या थर खरवडले आणि सगळं एका खड्ड्यात ओतलं की असं होतं.

म्हणून पहिल्या तासापासून चार जागा ठरवा: पातळ तेल, घट्ट तेल आणि मिश्रण, तेलकट वाळू, तेलकट कचरा. पिंपांवर रंगाने ठळक खुणा करा. पाटीवरचं वाचायला रात्रपाळीत कुणाला सवड नसते, रंग दिसतो. आणि कचऱ्याच्या पिंपातून पीव्हीसीच्या वस्तू वेचून काढा: फाटकी बूम, हातमोजे, गमबूट, नळ्या. पीव्हीसीत क्लोरीन असतं. ते जळलं की आम्ल वायू सुटतो, आणि कमी तापमानात जळलं तर डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. बहुतेक सॉर्बंट पॅड पॉलिप्रॉपिलिनचे असतात, ते चालतात. स्प्रेचे डबे आणि बॅटऱ्या भट्टीत गेल्या तर स्फोट होतो.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्याला लागणारे डांबरगोळे गोळा करणाऱ्या मंडळींना इथेच सांगतो: ते वाळूवर ढीग करून पेटवू नका. वरचं जळतं, खालचं वितळून वाळूत उतरतं, आणि पुढची अनेक वर्षं तुमच्या मुलांच्या पायाला लागत राहतं.

दुसरी पायरी: पाणी काढा (इथे घाई केली तर पुढे काहीच नीट होत नाही)

हिशोब बघा. एक लीटर पाणी ३० अंशांवरून वाफ होईपर्यंत साधारण अडीच मेगाज्यूल उष्णता खातं. एक लीटर तेल जळून अठ्ठतीसच्या आसपास देतं. कागदावर एक लीटर तेल पंधरा लीटर पाण्याची वाफ करेल. मग पाण्याचा बाऊ कशाला? कारण ज्वाळेला बेरजेशी देणंघेणं नसतं, त्या क्षणी त्या जागी किती तापमान आहे याच्याशी असतं. नोझलमधून तेल येता येता मध्येच पाण्याची गुठळी आली की ज्वाळा तिथल्या तिथे मरते. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेल येतं, पण आता पेटवणारी ज्वाळा नसते, आणि ते न जळलेलं तेल तापलेल्या भट्टीत वाफ होऊन साचतं. ओलं सरपण चुलीत घातलेल्या घरात वाढलेल्यांना यातला अर्धा भाग ठाऊक असतो. उरलेला अर्धा जिवावर बेततो.

मी ज्युनिअर असताना एका जहाजावर हे डोळ्यांनी पाहिलं. स्लज टाकीचं पाणी न काढता इन्सिनरेटर लावला होता. ज्वाळा दोनदा गेली, दोनदा लगेच पेटवली. तिसऱ्या वेळी भट्टीचं दार आतून धक्का बसून उघडलं आणि ज्वाळेची जीभ बाहेर आली. समोर उभ्या असलेल्या मोटरमनचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. त्याचं ओरडणं इंजिनच्या आवाजातही ऐकू आलं. टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह पंधरा मिनिटं उघडा ठेवला असता, तर ते पाणी निघून गेलं असतं.

तर पाणी काढण्याचा क्रम असा.

टाकी भरली की हलवू नका, निवळू द्या. मोकळं पाणी तळाला बसतं. पारदर्शक नळी असेल तर तळाचा व्हॉल्व्ह हळू उघडा आणि पाण्याचा रंग बदलेपर्यंत सोडा. हे पाणी समुद्रात परत सोडायचं असेल तर संबंधित अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, बूमने घेरलेल्या जागेतच सोडायचं, म्हणजे त्यातून सुटलेलं तेल पुन्हा उचलता येतं.

टाकीत पाणी किती आहे ते बघायला पेट्रोलपंपावर वापरतात ती पाणी दाखवणारी पेस्ट मापपट्टीला लावा. पाणी लागलेल्या उंचीपर्यंत तिचा रंग बदलतो. ती दाखवते फक्त मोकळं पाणी. तेलात घुसळून बसलेलं पाणी तिला कळत नाही.

त्या घुसळलेल्या पाण्यासाठी काचेच्या चार बाटल्या घ्या. चारही बाटल्यांत तेच मिश्रण. एक तशीच ठेवा. दुसरी ६० अंशांच्या गरम पाण्यात उभी करा. तिसरीत पाणी-फोड रसायन, म्हणजे डिमल्सिफायर, हजारात एक भाग घाला. चौथीत तेच रसायन घालून गरम पाण्यात ठेवा. तासाभराने चौघींकडे बघा. कुठल्या बाटलीत तळाला स्वच्छ पाण्याची रेघ दिसते, त्यावरून तुमच्या टाकीचा उपाय ठरतो. बहुधा चौथीच जिंकते, पण कधी नुसत्या उष्णतेने काम भागतं आणि रसायनाचा खर्च वाचतो. रसायन हजारात पाच भागांच्या वर न्यावं लागत असेल, तर मिश्रण जुनं आणि हट्टी झालं आहे असं समजा आणि दुसरी वाट धरा.

आता शेवटची खात्री. लोखंडी पत्रा चुलीवर किंवा हॉटप्लेटवर तापवा, आणि चष्मा-हातमोजे घालून ड्रॉपरने तेलाचा एक थेंब त्यावर टाका. शांतपणे पसरला आणि धुरला तर ठीक. फोडणीत ओली मिरची पडल्यासारखा तडतडला तर पाणी आहे. जहाजांवर ही जुनी चाचणी आहे. ती आकडा देत नाही, पण थांबायचं की पुढे जायचं ते सांगते. ही चाचणी टाकीपासून लांब करा, आणि तेलाला पेट्रोलसारखा वास येत असेल तर करूच नका.

समुद्राच्या पाण्यात लीटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, हे विसरू नका. हजार लीटर तेलात १० टक्के पाणी राहिलं तर साडेतीन किलो मीठ भट्टीत गेलं. मीठ ८०० अंशांच्या जरा वर वितळतं, विटांच्या अस्तरावर चढतं, नोझलवर बसतं. जड इंधनातलं व्हॅनेडियम हा धातू आणि हे सोडियम एकत्र आले की लोखंड झपाट्याने खातात.

पंपाची निवडही इथेच येते. सेंट्रिफ्यूगल पंप तेल-पाण्याला पुन्हा घुसळतो, म्हणजे तुम्ही तासभर निवळवलेलं मिनिटभरात बिघडवतो. स्क्रू पंप किंवा डायफ्राम पंप वापरा. पंपाच्या आधी दुहेरी गाळणी ठेवा: एक चालू, दुसरी साफ करायला मोकळी. शेवाळाचे धागे आणि पॅडचे तंतू गाळणी किती लवकर भरतात ते बघून पहिल्या दिवशी आश्चर्य वाटतं.

तिसरी पायरी: तेलाचा स्वभाव ओळखा

प्रयोगशाळेत नमुना पाठवून दोन गोष्टी विचारा. पहिली, फ्लॅश पॉइंट, म्हणजे किती तापमानाला तेलाची वाफ पेट घेते. पेट्रोलियमच्या आपल्या नियमांत २३ अंशांखालचं 'अ' वर्गात, २३ ते ६५ 'ब' वर्गात आणि ६५ ते ९३ 'क' वर्गात येतं. ताजं क्रूड बहुतेक वेळा 'अ' वर्गात बसतं, म्हणजे ते साध्या हवेतही ठिणगीची वाट बघत असतं. अशा टाकीजवळ गॅस डिटेक्टर आणि नीट अर्थिंग असल्याखेरीज काहीच सुरू करू नका.

दुसरी, दाटपणा. जड फर्नेस ऑइल नोझलमधून धुकं होऊन बाहेर यायला ११०-१३० अंशांपर्यंत तापवावं लागतं. आणि पाणी तर १०० ला उकळतं! तापवलेल्या टाकीत तळाला पाणी राहिलं असेल, तर त्याची वाफ होताना ते सोळाशे-सतराशे पट फुगतं आणि वरचं तेल दुधासारखं उतू जातं. हे उतू गेलेलं तेल बर्नरपर्यंत पोचलं की आग हाताबाहेर गेलीच. दुसऱ्या पायरीवर मी इतका वेळ थांबलो त्याचं आणखी एक कारण हे.

चौथी पायरी: जागा आणि परवानग्या

भारतात समुद्रावरच्या गळतीच्या वेळी सगळ्या यंत्रणांचा समन्वय तटरक्षक दल करतं. त्यासाठीचा राष्ट्रीय आराखडा १९९६ पासून लागू आहे. जमिनीवर माल आला की महाराष्ट्र किंवा गोवा प्रदूषण नियंत्रण मंडळाची मंजुरी, बंदराची परवानगी, अग्निशमन दलाची पाहणी आणि हॉट वर्क परमिट, म्हणजे आगीच्या कामाचा परवाना, हे सगळं कागदावर हवं. उघड्यावर कचरा जाळायला २०१६ पासून राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली आहे आणि दंडही आहे, तेव्हा 'भट्टी' आणि 'खड्ड्यात पेटवलेलं' यातला फरक तुमच्या कागदांत स्पष्ट दिसला पाहिजे.

जागा निवडताना उष्णतेचा अंदाज असा करा. तासाला हजार लीटर जड तेल जाळणारा बर्नर म्हणजे घरगुती गॅसचे पंचावन्न-साठ सिलिंडर दर तासाला. त्याला लागणारी हवा तासाला अकरा-बारा हजार घनमीटर, म्हणजे दहा बाय दहाच्या चारशे खोल्यांतली सगळी हवा. कामगाराला सतत उभं राहायचं असेल तर अंगावर येणारी उष्णता चौरस मीटरला १.५८ किलोवॅटच्या वर जाऊ नये, असं तेल उद्योगात मानतात. भर दुपारचं ऊन साधारण एक किलोवॅट असतं, म्हणजे त्याच्या दीडपटीवर हद्द. त्यापलीकडे पाण्याचा पडदा लावा आणि माणसं मागे घ्या.

वारा बघा, आणि किनाऱ्यावर तो दिवसातून दोनदा बदलतो हे लक्षात ठेवा. दिवसा खारे वारे समुद्राकडून गावाकडे येतात, रात्री मतलई वारे गावाकडून समुद्राकडे. भल्या पहाटे हवा इतकी निपचित असते की धूर वर न जाता जमिनीलगत पसरतो. दिवसा पेटवलं तर धूर गावात, पहाटे पेटवलं तर धूर अंगणात. म्हणूनच शक्य असेल तर यंत्र बार्जवर चढवून किनाऱ्यापासून दूर नेणं मला जास्त योग्य वाटतं.

धुराबरोबर गंधकही मोजा. तेलात अर्धा टक्का गंधक असेल तर टनामागे १० किलो सल्फर डायऑक्साइड निघतो, साडेतीन टक्के असेल तर ७० किलो. खोकल्याचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना आधी सांगा. गावाला न सांगता भट्टी पेटवू नये. सरपंचांकडे एक दिवस आधी स्वतः जा, किती वेळ चालणार आणि कुणाला फोन करायचा ते सांगा.

पाचवी पायरी: पेटवणं आणि चालवणं

जुना रॉकेलचा स्टोव्ह आठवतो का? आधी काकडा लावून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. घाई केली तर पिवळी, काजळी धरणारी ज्वाळा. पुरेसा तापला तर निळी, घुमणारी. ही यंत्रं त्याच शिस्तीने चालतात.

तेलाचा व्हॉल्व्ह बंद ठेवून फक्त ब्लोअर लावा आणि आतली सगळी हवा निदान पाच वेळा बदलेल इतका वेळ चालवा. मग गॅसचा किंवा डिझेलचा पायलट, म्हणजे मुख्य बर्नर पेटवणारी छोटी ज्वाळा, लावा. डिझेलवर भट्टी तापू द्या. जहाजावरच्या इन्सिनरेटरसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत भट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूचं किमान तापमान ८५० अंश आहे, फिरत्या भट्टीलाही तोच किमान पाया धरा. काटा तिथे टेकल्यावरच गोळा केलेलं तेल थोडं थोडं सोडा आणि त्या प्रमाणात डिझेल कमी करा.

आता ज्वाळेकडे बघत राहा, ती सगळं सांगते. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा तेल जास्त: तेल कमी करा, हवा वाढवायच्या आधी. पांढरा धूर म्हणजे तेलाची न जळलेली वाफ किंवा पाणी. ज्वाळा फडफडत असेल, फुटफुट आवाज करत असेल, तर पाणी आलंच म्हणून समजा आणि टाकीकडे धावा. उघड्या फवारा बर्नरखाली पाण्यावर चमकणारे ठिपके पडू लागले, तर तेल जळण्याआधीच थेंबाथेंबाने खाली गळतंय. हे ठिपके दिसावेत म्हणून एका माणसाला दुसरं कुठलंही काम न देता फक्त पाण्याकडे बघायला बसवा.

ज्वाळा गेली तर: तेल बंद. ब्लोअर चालू. पूर्ण वेळ हवा फिरवा. कारण सापडेपर्यंत पुन्हा पेटवू नका. ही चार वाक्यं मी प्रत्येक नव्या मुलाकडून पाठ करून घेतो, आणि पाठ म्हणता आलं तरच त्याला व्हॉल्व्हला हात लावू देतो.

पाळी चार तासांपेक्षा लांब ठेवू नका. उष्णतेत माणूस थकतो आणि थकलेला माणूस कारण न शोधता दुसऱ्यांदा काडी लावतो.

सहावी पायरी: बंद करणं

काम संपलं की पुन्हा डिझेलवर या, म्हणजे नळीतलं जड तेल जळून जाईल आणि नोझल उद्यासाठी मोकळं राहील. मग पायलट बंद, पण ब्लोअर भट्टी गार होईपर्यंत चालू. जेवायला जाताना भट्टीजवळ एक जण थांबतो.

सातवी पायरी: राख आणि नोंदी

दुसऱ्या दिवशी गार झालेल्या भट्टीतून राख काढताना मास्क घाला, ती फार बारीक असते आणि तिच्यात व्हॅनेडियम, निकेल असतं. ती घातक कचराच आहे. शेतात, खड्ड्यात, समुद्रात टाकायची नाही. पिशवीत बंद, पिशवीवर वजन आणि तारीख, आणि परवानाधारक प्रकल्पाकडे.

वहीत रोज हे लिहा: टाकीत किती आलं, किती पाणी काढलं, किती लीटर जाळलं, डिझेल किती लागलं, भट्टीचं तापमान दर अर्ध्या तासाला, ज्वाळा किती वेळा गेली आणि का, राख किती किलो. नुकसानभरपाईचा दावा उभा राहतो तेव्हा विमावाले पहिली मागतात ती ही वही. आलेलं तेल आणि जाळलेलं तेल यांचा ताळा बसला नाही, तर राहिलेलं तेल कुठेतरी गळतंय असा त्याचा अर्थ असू शकतो, तेव्हा टाकीच्या खालची जमीन त्याच संध्याकाळी बॅटरी घेऊन तपासा.